बसलेली घरं आणि आमचा उतार

महापालिकेच्या शाळेत मी नोकरीभर भूगोल शिकवला. प्रेअरी, स्टेप, पंपास, डाऊन्स ही जगातल्या गवताळ प्रदेशांची नावं मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे आणि दरवर्षी एखादा कार्टा विचारायचाच, "बाई, प्रेअरी म्हणजे नक्की कशी असते?" मी म्हणायचे, "गवताळ." तो म्हणायचा, "म्हणजे कशी?" मी म्हणायचे, "म्हणजे गवत असतं. पुढचा धडा काढा." मी तरी कुठे बघितली होती? हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला लागलं की जो माळ दिसतो, तोच मनात धरून मी अख्खी उत्तर अमेरिका शिकवली.

ती प्रेअरी बघायला निवृत्तीनंतर जावं लागेल आणि तेही घर बांधायच्या भांडणातून, असं मात्र कधी वाटलं नव्हतं.

भांडण सांगते. आम्ही बिबवेवाडीत राहतो, तिसऱ्या मजल्यावर. बैठकीची खिडकी उघडली की समोरच्यांचे टॉवेल दिसतात, आणि ते टॉवेल आता मला पाठ आहेत. आयुष्यभराच्या शिलकीतून आम्ही खडकवासल्याच्या पुढे एक छोटा प्लॉट घेतला. प्लॉट कसला, उतारच. वरच्या अंगाला रस्ता, खालच्या अंगाला पवारकाकांचा म्हशींचा गोठा, आणि गोठ्याच्या पत्र्यावरून पलीकडे धरणाचं पाणी. प्लॉटच्या वरच्या टोकाला एक काळा दगड होता, बसलेल्या म्हशीएवढा. संध्याकाळी त्यावर बसलं की बरोबर पत्र्याच्या वरून पाणी दिसायचं. मला त्या जागेचं वेड लागलं. माझं म्हणणं एवढंच होतं, की घर कसंही बांधा, पण त्यात बसून मला ते पाणी दिसलं पाहिजे.

आमच्या ह्यांचं म्हणणं वेगळं. हे विक्रीकर खात्यातून साहेब म्हणून निवृत्त झाले. त्यांना दोन मजली बंगला हवा होता, पुढे चार खांब, वर गच्ची, आणि कपाळावर नाव. "लांबून दिसलं पाहिजे," असं ते दर दोन वाक्यांनंतर म्हणायचे. त्यासाठी उतार कापून जमीन सपाट करायची, हे त्यांच्या मनात ठरलेलंच होतं.

आमची मुलगी संघमित्रा, घरातली मित्रा, शिकागोत आर्किटेक्ट आहे. तिने एक नकाशा पाठवला. लांबट, बैठं घर, उतारावर आडवं टेकलेलं, वळचणी भिंतीच्या कितीतरी पुढे आलेल्या, आणि तो दगड आहे तिथेच, ओसरीच्या काठाला. ह्यांनी चष्मा लावून बघितलं आणि म्हणाले, "हे घर आहे की एसटी स्टँडची शेड?"

मित्रा शांतपणे म्हणाली, "बाबा, इथे ह्याला प्रेअरी पद्धतीची घरं म्हणतात. नाही म्हणायच्या आधी एकदा येऊन बघा."

तिकिटं तिनेच काढली. सप्टेंबर संपता संपता आम्ही निघालो. माझा धाकटा भाऊ सतीश हडपसरला असतो, वाळू-विटांचा त्याचा धंदा आहे. त्याला सांगितलं, प्लॉटवर जरा लक्ष ठेव. तो म्हणाला, "ताई, तू निर्धास्त जा."

दार सापडेना

विमानाचं काही सांगत नाही. सगळ्यांचे पाय सारखेच सुजतात.

शिकागोच्या पश्चिमेला एक जुनं उपनगर आहे. मोठाली झाडं, फुटपाथवर माणूस नाही आणि गाडी लावायला हवी तेवढी जागा. ह्यांना पहिल्यांदा ह्या जागेचंच कौतुक वाटलं. एका रस्त्याला बहुतेक घरं उंच आणि टोकदार, माथ्यावर कळसासारखं काहीतरी, जिकडेतिकडे नक्षी. ह्यांचा चेहरा खुलला. "हे बघ, ह्याला म्हणतात घर." आणि त्यांच्याच रांगेत मधे एक घर, ज्याचा आम्हाला पत्ताच लागला नाही. म्हणजे दिसत होतं, पण डोळा त्यावरून घसरून पुढे जात होता.

"थांबा," मित्रा म्हणाली, "हेच ते."

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं घर. छप्पर अगदी कमी उताराचं. वळचण एवढी पुढे आलेली की तिच्या सावलीत अख्खी पंगत बसावी. खिडक्या एकेकट्या नव्हत्या, वळचणीखाली एका ओळीत खेटून होत्या. भिंतीच्या पायथ्याशी दगडाचा एक रुंद पट्टा, मग लांबच लांब विटा, आणि घर संपल्यावरही भिंत संपत नाही, ती बुटकी होऊन बागेत चालत जाते आणि शेवटी तिच्या डोक्यावर एक मोठी दगडी कुंडी. कुंडीतली वेल खाली गवताला टेकलेली. घर कुठे संपलं आणि बाग कुठे सुरू झाली हे मला सांगता येईना.

मित्राने मला भिंतीजवळ नेलं. विटांमधल्या दरजा बघ म्हणाली, म्हणजे दोन विटांमधली फट चुन्याने भरतात ती. आडव्या दरजा आत दाबलेल्या, त्यामुळे त्यात सावली पडते आणि काळी रेघ दिसते. उभ्या दरजा मात्र विटेच्याच रंगाने भरून सपाट केलेल्या, त्या दिसतच नाहीत. त्यामुळे सगळी भिंत आडव्या रेघांची वाटते. "इथे जमीन अशी आहे ना आई, आडवी," ती म्हणाली, "म्हणून." ज्यांनी ही घरं बांधली त्यांची नावं ती घडाघडा सांगते. मला एकही आठवत नाही, पण गवंड्याला उभी रेघ पुसायला लावणाऱ्या माणसाचा हट्ट मात्र आठवतो. आपल्याकडे गवंडी म्हणाला असता, "अहो, वरून गिलावाच करायचाय."

तेवढ्यात ह्यांनी विचारलं, "ह्याला दार कुठे आहे?"

खरंच, दार नव्हतं. समोरून तर नव्हतंच. मित्रा फोनवर कोणाशी तरी बोलत होती, मी भिंत बघत होते, आणि हे दार शोधायला त्या बुटक्या भिंतीच्या कडेकडेने गेले ते गेलेच. थोड्या वेळाने घराच्या मागून एका म्हाताऱ्या गृहस्थांबरोबर परत आले. गृहस्थ पायमोजे घालून, हातात टोस्टचा तुकडा. हे थेट त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले होते आणि खिडकीतून नमस्कार केला होता. पुण्यात असं केलं असतं तर काय ऐकावं लागलं असतं ते मी लिहीत नाही.

मित्रा धावली, माफी मागायला लागली. गृहस्थ हसले. म्हणाले, "सगळे इथेच चुकतात. नवीन पोस्टमन आला की तोसुद्धा चुकतो." मग त्यांनी दार दाखवलं. भिंतीच्या कडेने चालायचं, वळायचं, वळचणीखाली जायचं, आणि मग सावलीत दार. घरात शिरायच्या आधी घराच्या अंगाअंगाने चालावं लागतं.

त्यांनी ह्यांना विचारलं, "तुमच्याकडे दार कुठे असतं?"

"रस्त्यावरून दिसेल असं," हे म्हणाले. "आणि त्यावर नाव असतं."

"नाव कशाला?"

ह्यांनी त्यांच्याकडे बघितलं आणि मला वाटलं आता काहीतरी पुणेरी बोलतील. पण ते म्हणाले, "माझ्या वडिलांच्या घरावर नव्हतं, म्हणून."

मित्राने त्याचं इंग्रजी केलं. गृहस्थांनी मान हलवली आणि टोस्ट खाऊन टाकला.

त्या आठवड्यात आम्ही अशी बरीच घरं बघितली. मी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकत होते, खाली ओळ लिहीत होते. "जमिनीला धरून बसलेलं घर." "बघा, किती आडवं." एकदा तर लिहिलं, "आपलंही असंच करायचं." सतीशचा प्रत्येक फोटोला अंगठा यायचा. एकदा त्याने लिहिलं, "समजलं ताई. आल्यावर बघशील." मला वाटलं, फोटो आल्यावर बघू म्हणतोय.

घरात मात्र माझी वेगळीच लढाई चालू होती. पुण्याहून ज्वारीचं पीठ नेलं होतं, पण तिथल्या विजेच्या शेगडीवर भाकरी फुगता फुगेना. एकदा चिडून तवा चांगला तापवला, तर छताला लावलेलं धुराचं यंत्र बोंबलायला लागलं आणि हे टॉवेल घेऊन त्याला वारा घालत उभे राहिले. त्या दिवशी आम्ही भाकरी टॉवेलच्या वाऱ्यातच खाल्ली. चांगली झाली होती.

गवतात

खरी प्रेअरी आता फारशी उरलेली नाही. सगळी मक्याखाली आणि सोयाबीनखाली गेली. मित्राने शोधून काढलं की गाडीने लांब गेलं की एके ठिकाणी थोडी राखलेली आहे. वाटेत एका बागेपाशी सफरचंदाचा गरम रस आणि साखर लावलेले वडे मिळाले. वडे म्हणजे मधे भोक असलेले, आपल्या मेदूवड्यासारखे दिसणारे. ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "फसवलं." मग तीन खाल्ले.

आणि मग ते गवत. मी इतकी वर्षं मुलांना 'गवत असतं' म्हणून गप्प केलं, त्या मुलांची मी आज माफी मागते. ते गवत माझ्या डोक्याच्या वर होतं. तांबूस, पिवळट, मधे जांभळी झाक. वारा आला की सगळा माळ एका बाजूला कलायचा आणि सावकाश परत यायचा. मधल्या पायवाटेने चढून एका उंचवट्यावर गेलो. उंचवटा तरी कसला, आपल्या पर्वतीला हसू येईल एवढा. पण तिथून चारी बाजूंना आभाळ जमिनीला टेकलेलं दिसलं आणि मधे कुठेही काहीही उभं नव्हतं. मग मला ती घरं कळली. ह्या जमिनीवर उभं काही टिकत नाही डोळ्यात, आडवंच टिकतं. मी मित्राला म्हटलं, "तुझं एसटी स्टँड मला मंजूर आहे."

"बाबांचं काय?"

बाबा बाजूला गवतात बसले होते. डब्यातली भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी त्यांनी स्वतःच उघडली होती. मी जवळ जाऊन बसले तर म्हणाले, "आमच्याकडे असंच असतं. ज्वारी उभी असली की."

ह्यांचं गाव मंगळवेढ्याकडे. सपाट काळी रानं. त्यांचं घर गावकुसाच्या बाहेर, धाब्याचं, म्हणजे वर मातीचं सपाट छत. लग्न झाल्यावर मी ते एकदाच पाहिलं, तोपर्यंत ते अर्धं पडलं होतं. ह्या घराबद्दल ते कधीही बोलत नाहीत. त्या दिवशी बोलले.

"बैठंच होतं ते पण," ते म्हणाले. "दार एवढंसं. वडील सहा फुटी माणूस, जन्मभर वाकून आत गेले आणि वाकून बाहेर आले. बाहेर आले की पुन्हा वाकायचंच होतं, गावात. मला ते नको आहे. माझं घर उंच पाहिजे."

इतकी वर्षं मी त्या खांबांना हसत होते. मला खूप वाईट वाटलं. मी त्यांच्या ताटलीत आणखी चटणी वाढली.

परतताना ऊन उतरलं होतं. मित्राने आणखी एका घरापाशी गाडी थांबवली. हे घर गावाच्या कडेला, मागे मोकळी जमीन. ह्यांना उतरायचं नव्हतं, पण उतरले. बराच वेळ हात मागे बांधून बघत राहिले. घर जमिनीवर नुसतं ठेवलेलं नव्हतं, दगडाच्या रुंद जोत्यावर होतं, आणि जोतं दोन्ही बाजूंना पुढे पसरलेलं. वर ते लांब छप्पर. सावली काळीभोर.

"हे वाकलेलं नाही," हे म्हणाले.

"काय?"

"घर. बुटकं आहे पण वाकलेलं नाही. बसलंय. माणूस आपल्या जागेवर मांडी घालून बसतो ना, तसं." मग मित्राला म्हणाले, "तुझ्या नकाशात दार केवढं आहे?"

"तुम्हाला हवं तेवढं उंच, बाबा."

"मग ठीक आहे," हे म्हणाले आणि गाडीत जाऊन बसले. मित्रा गाडीबाहेरच उभी राहून डोळे पुसत होती. दोन वर्षं ती ह्या 'ठीक आहे'ची वाट बघत होती.

परत

दिवाळीच्या आधी पुण्यात आलो. सतीश घ्यायला आला होता. "जय भीम ताई, जय भीम दाजी," म्हणत त्याने बॅगा उचलल्या आणि म्हणाला, "उद्या सकाळी पहिले प्लॉटवर. घरी चहासुद्धा नाही, चहा तिकडेच." त्याचा चेहरा लहानपणी परीक्षेत पास झाल्यावर व्हायचा तसा झाला होता.

सकाळी सिंहगड रोडने निघालो. धरणाच्या भिंतीपाशी कणसांच्या गाड्या लागल्या होत्या, पाणी काठोकाठ होतं. मी गाडीतच ठरवत होते की आज दगडावर बसून मित्राला फोन लावायचा.

प्लॉटवर उतरलो आणि मला आपण चुकीच्या जागी आलो असं वाटलं. उतार नव्हता. वरची बाजू कापून खाली भर घातली होती. सगळी जागा एकसारखी सपाट, लाल, आणि तिच्यावर पांढऱ्या फक्कीने आखलेला एक लांबट चौकोन. कुसळी गवत गेलं होतं. दगड नव्हता.

पवारकाका गोठ्यातून वर आले. "लई भारी काम केलं बगा तुमच्या भावानं," ते म्हणाले. "कॅरमवानी सपाट हाय जमीन आता. कसंबी बांदा."

"माझाच जेसीबी, ताई," सतीश म्हणाला. "तुला एक पैसा खर्च नाही. माझ्याकडून भेट. माती काय, पटकन निघाली, तो दगड मात्र महाचिवट. ब्रेकर आणून फोडावा लागला."

मी विचारलं, "पण सपाट का केलंस?"

त्याने फोन काढला आणि माझेच फोटो मला दाखवायला लागला. एकेक घर. "हे बघ. हे बघ. एकाही फोटोत जमीन वाकडी आहे का? तूच लिहिलंस ना, जमिनीला धरून बसलेलं, आडवं. आपल्या उतारावर ते बसणार कसं? म्हटलं, आधी जमीन तशी करू."

त्याचं काही चुकलं नव्हतं. तिथली घरं आडवी होती कारण तिथली जमीन आडवी होती, हे मी त्या गवतात उभं राहून समजून घेतलं होतं, पण ग्रुपवर लिहिलं नव्हतं. आपल्याकडे काम काढायचं म्हणजे आधी जमीन सरळ करायची, एवढं सगळ्यांना माहीत असतं. त्याने बिचाऱ्याने प्रेमाने केलं. मी म्हटलं, "छान केलंस," आणि मग मला रडू आलं. तो घाबरला. "ताई, काय झालं?"

मला वाटलं, निदान ह्यांना तरी बरं वाटेल, त्यांना सपाटच हवं होतं. पण हे दगडाच्या जागी गेले, उकिडवे बसले आणि पाण्याच्या दिशेने बघितलं. "पत्रा दिसतोय," ते म्हणाले. "नुसता गोठ्याचा पत्रा."

तेवढ्यात मित्राचाच व्हिडिओ कॉल आला. तिला धीर नव्हता. "आई, पोचलीस? दगड दाखव ना." मी फोन फिरवला. तिने सगळं बघितलं. सतीश खाली मान घालून उभा होता, त्याला आता थोडं थोडं कळायला लागलं होतं.

"मामा," ती म्हणाली, "दगडाचे तुकडे कुठे टाकले?"

"टाकले नाहीत गं. तो काय ढीग, कडेला. भरावात घालणार होतो आज."

"घालू नकोस."

हे उठले आणि त्या ढिगाकडे गेले. काळे, ताजे फुटलेले तुकडे, आतून निळसर. एक मोठा दगड त्यांनी पायाने सारून बघितला. मग चपला काढून ढिगावर चढले. ह्या वयात. "इथून दिसतं थोडं," ते वरून म्हणाले.

"उभं राहून दिसून काय उपयोग," मित्रा फोनमधून म्हणाली. "आईला बसवा तिथे. ह्याच दगडांचं जोतं करू. किती उंच, ते आई सांगेल."

सतीशने कोपऱ्यातली प्लास्टिकची खुर्ची धावत आणली. ढिगाचा माथा सारखा केला, त्यावर खुर्ची ठेवली, आणि दोघांनी हात धरून मला वर चढवलं. मी बसले. एक पाय ह्यांनी धरला, खुर्चीचा, आणि एक सतीशने. पवारकाका खाली उभे राहून हे सगळं बघत होते आणि त्यांना आमच्याबद्दल काय वाटत होतं ते स्पष्ट दिसत होतं.

"दिसलं?" सतीशने विचारलं.

"पत्रा."

मला उतरवलं. सतीशने स्वतः वाकून दगड रचले, चांगले सपाट बघून, खेटून. पुन्हा खुर्ची, पुन्हा मी.

"आता?"

"पत्रा. आणि वर एक चकाकती रेघ."

पुन्हा उतरवलं. ह्या वेळी हेही दगड उचलायला लागले. मी नको म्हटलं, ऐकलं नाही. सतीशचा शर्ट पाठीला चिकटला होता. पुन्हा चढले, बसले, दोघांनी खुर्ची धरली. पत्रा खाली गेला, आणि त्याच्या वरून सगळं पाणी, पलीकडच्या डोंगरापर्यंत.

"दिसलं," मी म्हणाले.

"हलू नकोस, आई," मित्रा म्हणाली. "मामा, टेप लाव."

सतीशने एका हाताने खुर्ची धरून दुसऱ्या हाताने टेप सोडला. आकडा मोठ्याने वाचून दाखवला आणि मग माझ्या पायाला हात लावला. धूळ झटकल्यासारखं केलं, पण मला कळलं.

"एवढं उंच जोतं," हे खालून म्हणाले, "म्हणजे रस्त्यावरूनही दिसणार घर."

"दिसेल," मी म्हणाले. "पण बसलेलं दिसेल."

"चालेल," हे म्हणाले.